काळभट्टीच्या मुकादमाचा नारळ

माझा भाऊ लवू बोटीवर मेला आणि माझा नवरा जिवंत परत आला, त्या दिवसापासून मी नवऱ्याला नावानं हाक मारायला लागले. त्याआधी सात वर्षं मीही चारचौघींसारखी 'ऐकलात?' म्हणत होते. हे खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन ट्रंक खाली ठेवतात न ठेवतात तोच मी उंबऱ्यातून ओरडले, "महादू, माजो भाव खंय आसा?" शेजारची राधाबाई कानावर हात ठेवून घरात पळाली. नवऱ्याचं नाव घेतलंन हो, असं तिनं संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला सांगितलं. सांगू दे. मी पुढची अकरा वर्षं तेच नाव घेतलं, आणि घेताना दात खाऊन घेतलं.

मी सुशीला. सातवीपर्यंत शिकले, म्हणून लिहिताना बरं मराठी लिहिते. पण माणसं बोलतील ती आमच्याच बोलीत, तिला मी साबण लावणार नाही. आमची वाडी कुणकेश्वरापासून चालत पाऊण तासावर. वारा तिकडचा असला तर देवळातली घंटा ऐकू येते.

महादू बोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात, इंजिनखान्यात, भट्टीत कोळसा फेकायचं ते काम. त्या सगळ्या आगवाल्यांवरचा मुख्य म्हणजे सारंग, आणि यांच्या बोटीवरचा सारंग होता आमच्याच वाडीतला गुरुदास. एकोणपन्नास साली महादूनं गुरुदासाच्या हातापाया पडून माझ्या धाकट्या भावाला कामावर लावलं. मीच मागे लागले होते, तेही सांगून टाकते. लवू निघाला तेव्हा आईनं त्याच्या पिशवीत आंबोळ्या बांधून दिल्या आणि तो म्हणाला, "आये, बोटीर खावक देतत गो." तरी नेल्या.

पुढल्या जानेवारीत बोट कुठल्याशा परदेशी बंदरात उभी होती. बॉयलर दोन. एक चालू, आणि दुसरा थंड करून आतून खरवडायला घेतलेला. माणूस भोकातून आत शिरतो आणि साचलेली खपली काढतो. दोन्ही बॉयलरांच्या मधे वाफेची नळी असते आणि तिच्यावर एक चाक. आत माणूस असेपर्यंत त्या चाकाला कोणी हात लावायचा नाही. लवू आत होता आणि चाक उघडलं गेलं. जास्त लिहीत नाही. माझ्या आईनं जन्म दिलेल्या पोराचं लोकांनी जे बाहेर काढलं ते महादूनं पाहिलं, मी नाही.

चौकशी झाली. गुरुदास सारंगानं साहेबापुढे सांगितलं, मी वर डेकवर होतो, लवू दारू पिऊन न विचारता आत शिरला, चाकाशीही त्यानंच काहीतरी केलं असणार. तसं कागदावर चढलं. महादू त्या वेळी कोळशाच्या कोठीत होता. तू काय पाहिलंस, असं साहेबानं विचारल्यावर तो म्हणाला, काही नाही. खरंच पाहिलं नव्हतं त्यानं. बोट सोडून तो घरीच राहिला. पण खरं बोलूनही माणूस कसा हलकट ठरतो ते मी त्याला रोज जेवताना सांगत असे.

दारू! अहो, लवूला शेजारच्या माडावर ताडी काढली तरी त्या वासानं ओकारी यायची.

आमच्या वाडीत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्याआधी गांवकार गाऱ्हाणं घालतो. गांवकार म्हणजे वाडीचा पहिला मानकरी, देवाशी बोलायचा मान त्याचा. त्या गाऱ्हाण्यात पाण्यावर आणि बोटीवर कामात गेलेल्या प्रत्येक माणसाचं नाव घेतात, आणि प्रत्येक नावाला सगळा किनारा 'होय म्हाराजा' म्हणतो. ज्याचं नाव असं घेतलं त्याचा आत्मा घरी पोचला, असं आम्ही मानतो. पन्नास सालच्या पौर्णिमेला माझी आई, आनंदीबाई, नवं लुगडं नेसून पुढे बसली. नावं संपली. लवूचं आलंच नाही. आईनं विचारलं तेव्हा भिकाजी गांवकार मान खाली घालून म्हणाला, "दारूपायी गेलेल्याचा नाव देवाफुडे घेवक येना नाय, आनंदीबाय. कागदार तसा आसा." मी तिला माझ्याच घरी आणलं. तिला दिसायला कमी झालं, ते त्याच वर्षी.

पंचावन्न साली गुरुदास काम सोडून कायमचा घरी आला. मंगलोरी कौलांचं घर, काचेची तावदानं, आणि वाडीला दिलेलं नवंकोरं रापणीचं जाळं. वाडी लगेच त्याच्या पायाशी. नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ, सोनेरी कागदात गुंडाळलेला, आता गुरुदास सारंगाच्या हातून! परीटघडीचा पायजमा, गळ्यात लाल रुमाल, आणि वाळूत मांडलेल्या खुर्चीवर छत्री धरून बसायचा. ज्या किनाऱ्यावर माझ्या भावाचं नाव घेत नाहीत तिथे हा खुर्ची टाकून बसतो! एका सकाळी मी कोयता घेऊन खळ्यातून निघाले. महादूनं मनगट धरलं.

"मारशीत तेका?"

"तू मारूचंस नाय, मगे मीच मारतंय."

"मार. तो मरतलो, तू तुरुंगात जातलंस. लवू दारुडोच रवतलो," तो म्हणाला. "माका खरा तां तेच्या तोंडातसून होया."

मी कोयता टाकला, पण त्याच्या पायाजवळ टाकला.

रापण ठाऊक नसेल त्याला सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आणतात. एकेका दोराला तीस-तीस माणसं, बायका-पुरुष, कमरेला पट्टा बांधून मागे मागे चालत ओढतात. तीन-तीन तास. त्यात एकच कायदा, जाळं मिटायला लागलं की दोर सोडायचा नाही. वीज पडो, कोणी मरो, दोर सोडला की मासे गेले, आणि त्या दिवशी साठ चुली थंड. बाप मेल्याचा निरोप आला तरी दोर न सोडलेली माणसं आमच्यात आहेत.

तीन तास दोर ओढताना तोंडं मोकळी असतात. सत्तावन्न साली रशियानं आकाशात चंद्र सोडला तेव्हा तोंडांना दुसरा विषयच नव्हता. त्यात माणूस आहे की नाही, खाली पडला तर कुणाच्या माडावर पडेल, वाट्टेल ते. सात वर्षं दोरावर एक शब्द न बोललेला महादू त्या सकाळी एकदम म्हणाला, "तेच्यात काय नवल! माका एक आखो ग्रह ठावक आसा. काळभट्टी तेचा नाव."

सगळे हसले. मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं. नवरा घुम्या होता तो आता खुळाही झाला!

पण दोर लांब होता आणि महादूनं सांगायला घेतलं. काळभट्टी पहिल्यापासून काळी नव्हती. तिथे जांभळ्या पाण्याचा समुद्र होता आणि दोन चंद्र, म्हणून भरती दिवसातून चार वेळा यायची आणि रापण दोनदा लागायची. माणसं मासे खाऊन सुखी होती. मग वरच्या सतरा ग्रहांच्या सतरा राजांत लढाई लागली.

"कित्याक?" भिकाजी गांवकारानं दोराच्या शेंड्यावरून विचारलं.

"एकाच्या कलमाची फांदी दुसऱ्याच्या कुंपणात गेली म्हणान."

यावर दोन्ही दोरांवरचे लोक इतके हसले की ओढायची लय चुकली. आमच्या वाडीत तशा फांद्यांवरून तीन घरं एकमेकांत बोलत नाहीत, आणि तिन्ही घरं त्या वेळी दोरावर होती.

त्या दिवसापासून रापण लागली की लोकच म्हणायचे, "सांग मरे महादू, काळभट्टीचा काय झाला?" आणि तो रोज थोडं थोडं सांगायचा. लढाईला लोखंड हवं, आणि लोखंड निघालं काळभट्टीच्या पोटात. राजांची माणसं आली, गोड बोलली, किनारा घेतला. भट्ट्या थंड करायला पाणी हवं म्हणून समुद्र नळ्यांत घातला. दहा पिढ्यांत समुद्र आटला आणि तळाच्या मिठावर कारखाने उभे राहिले. सगळ्या ग्रहावर पत्रा चढला. धूर इतका की तिथल्या माणसांना तारे ही गोष्ट ऐकूनच ठाऊक. तोफा सतराही राजांना तिथूनच जायच्या, आणि लढाईत कोणी हरला की तो काळभट्टीवरच गोळे टाकायचा, काळभट्टीनंच ओतलेले.

"आनि थंयचो देव काय करी होतो?" राधाबाईनं विचारलं.

"देवाक पण पाळी लावली. सकाळी सात ते तीन."

"शिरा पडो तुज्या तोंडार!" राधाबाई म्हणाली, पण हसत.

मग महादूनं माणसांची नावं काढून घेतली. काळभट्टीवर नावं नव्हती, गळ्यात फक्त पत्र्याचे आकडे. कोणी मेला की तो आकडा दुसऱ्याच्या गळ्यात. मेल्याचं नाव घ्यायला नावच नाही, म्हणून तिथे कोणी मेला असं मोजतच नसत. आई माझ्याजवळ वाळूत टोपली घेऊन बसलेली असायची. त्या दिवशी तिनं मला हळूच विचारलं, "सुशीला, ह्या तो आमचाच सांगता मां गो?" मी म्हटलं, नाही आये, खुळेपणा आहे तो.

या सगळ्या आगीवर एक मोठा मुकादम होता. त्याचं महादूनं कधी वर्णन केलं नाही, ना पायजमा सांगितला, ना रुमाल. फक्त मुकादम. पण लोक काही डोळे मिटून दोर ओढत नव्हते. हळूहळू साठांतले चाळीस तरी मुकादम म्हटलं की खुर्चीकडे बघायला लागले. गुरुदास छत्रीखाली बसून ऐकायचा. उठून जाईल तर लोक विचारणार, का गेला. थांबव म्हणेल तर विचारणार, तुला काय झोंबलं. तो आपला समुद्राकडे बघत बसायचा.

मला मात्र एका गोष्टीनं तिडीक यायची. महादू भट्टीचं काम सगळं चुकीचं सांगायचा. पंधरा वर्षं कोळसा फेकलेला माणूस, आणि म्हणतो ओला कोळसा चांगला पेटतो! म्हणतो, मुकादम भट्टीचं दार फावड्यानं उघडतो! बाळा तांडेल, तोही जुना बोटीवरचा, तो दोरावरून ओरडायचा, "अरे खुळ्या, असा खंय आसता?" महादू म्हणायचा, "काळभट्टीर असाच आसा." एकदा घरी मी पाटावरून उठलेच.

"तीन वर्सां झाली. गोष्टी सांगून माजो भाव परत येतलो? आनि सांगतंस तां पण धड नाय! लोक हसतत तुका."

"लोक हसानत," तो म्हणाला. "तो हसता काय?"

"कोण?"

"बोटीर एकदा एकान तेचे पैशे चोरले. गुरुदासान तेका एक शब्द बोलूक नाय. आनि दुसऱ्यान फावडा उलटा धरला, तेका कानफटात मारल्यान, रगात येयसर. चोरी तेका सोसता, सुशीला. खोटा बोलणा सोसता. माणूस मेललो सोसता. काम चुकीचा केलेला तेका सोसना नाय." महादूनं ताटातला भात गोळा केला. "आज नाय तर उद्या, तो माका सुधारूक उठतलो."

हा माणूस तीन वर्षं मुद्दाम खुळा होत होता. त्या दिवसापासून मी गुरुदासाची खुर्ची बघायला लागले. ती पावलापावलानं दोराजवळ येत होती. आधी नारळीखाली असायची, मग होडीजवळ आली, मग आमच्यापासून आठ-दहा हातांवर. महादूनं भट्टीचं काही वेंधळं सांगितलं की गुरुदासाचा उजवा हात मांडीवर चाक फिरवल्यासारखा हलायचा. मला इतका आनंद व्हायचा की मी दोर दुप्पट जोरानं ओढायचे.

एकसष्टच्या फेब्रुवारीत, शिवरात्रीच्या आधीची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. जाळं मोठं लागलं होतं, बांगडा पाण्यावर चमकत होता, घारी फिरायला लागल्या होत्या. जाळं मिटत आलं होतं. आणि महादू काळभट्टीच्या थोरल्या भट्टीपाशी पोचला.

"थोरली भट्टी थंड करून साफ करूक घेतलेली. धाकटो आगवालो आत उतरलो. हुकूम हुतो म्हणान उतरलो. इतक्यात वरसून राजाची तार इली, लढाय लागली, अर्ध्या तासात वाफ होयी. मुकादम धावत खाली इलो. आता हो मुकादम म्हणजे कसो? डावा-उजवा कळणा नाय असो. तेका वाटला, चाक आवळूया. आवळूक गेलो नि उघडल्यान!"

"येदो खुळो?" बाळा तांडेल हसला.

"येदो खुळो. घाबरलो, हात थरथरले, चाक उलटा फिरवल्यान. चुकान मेलो बिचारो आगवालो. मुकादमाचो तरी काय दोष? तेका काम खंय येय हुता? वशिल्यान लागललो तो."

आता सगळेच हसायला लागले. साठ माणसं मागे मागे चालत हसत होती. मी हसत नव्हते. मी खुर्चीकडे बघत होते, आणि ती पडली. गुरुदास उभा होता. चेहरा गळ्यातल्या रुमालासारखा झालेला.

"चुकान?" तो ओरडला. "कोण म्हणता चुकान? तीस वर्सां चाक फिरवलंय मी! साहेब माका विचारूक येयत, सारंग, चाक कसा आसा म्हणान! माजे हात थरथरले? ह्योच रुमाल हाताक गुंडाळलंय नि सरळ उघडलंय, पुरे नऊ फेरे! वरसून अर्ध्या तासाचो हुकूम इललो. आत माणूस आसा तां काय माका ठावक नाय हुता? मीच धाडलेलंय तेका! हाक मारलंय, दोन मिंटात भायर येवक होयो हुतो तो. तुजो मेवणो हळू चलता ती माजी चूक?"

कोणी हसेना. दोर ओढायचा आवाजही थांबला, माणसं पाय रोवून तशीच उभी.

महादू हळू आवाजात म्हणाला, "मी तर काळभट्टीचा सांगी होतंय, सारंगानू. माज्या मेवण्याचा नाव कोणी घेतल्यान?"

आपण काय बोललो ते गुरुदासाला तेव्हा कळलं. तो एकेकाकडे बघायला लागला, आणि मी देवाची शपथ घेऊन सांगते, अकरा वर्षांत मला इतकं गोड काही दिसलं नव्हतं.

आई उठली. वाळूतून चाचपडत, आवाजाच्या रोखानं, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आनि दारू, गुरुदासा?"

तो तिला काहीतरी खोटं सांगू शकला असता. पण आयुष्यभर साहेबापुढे जाब देताना उभा राहिला तसाच उभा राहून तो म्हणाला, "कागदार कायतरी लिवूक होया हुता, आनंदीबाय."

आधी भिकाजी गांवकारानं दोर सोडला. दोराचा शेंडा त्याच्या हातात होता, तो त्यानं उघड्या तळव्यांनी सोडून दिला आणि कमरेचा पट्टा काढला. मग बाळा तांडेलनं. मग राधाबाई. एकेक करत साठ जणांनी, जाळं मिटत आलेलं असताना, बांगडा डोळ्यांसमोर उसळत असताना, दोर सोडला. आमच्या वाडीत हे कधी झालं नव्हतं. दोर सापासारखा पाण्यात सरकत गेला. जाळं उघडलं, मासे गेले, आणि ओढीनं ते जाळं खडकांवर जाऊन फाटलं. गुरुदास ओरडत होता, "धरा रे, जाळा गेला, धरा!" तो एकटाच पाण्यात धावला, नव्या पायजम्यासकट, आणि कोणी त्याच्या मदतीला गेलं नाही. मी तर खाली बसून बघितलं, सावकाश, तो गुडघ्यापर्यंत जाईतो, मग कमरेपर्यंत जाईतो.

त्या दिवशी साठ घरांत पेज आणि मीठ होतं. उरलेला हंगामही कोणी त्याच्या जाळ्याला हात लावला नाही. त्यानं ते शिवून घेतलं, सुकवलं, निरोपावर निरोप धाडले. माणसं छोटी जाळी घेऊन खडकात उभी राहिली, मूठ-दोन मूठ मासे आणले, पण गेली नाहीत. मला लोकांचा अभिमान वाटला, तोही आयुष्यात पहिल्यांदा.

गुरुदासाला मात्र वाटलं, पावसाचा जोर ओसरला की वाडी विसरेल. पोट कोणाला सुटलंय? नारळी पौर्णिमेला दुपारी तो आला, परीटघडीचा पायजमा, सोनेरी कागदातला नारळ, पहिल्या मानाच्या जागी उभा. गळ्यात रुमाल तेवढा नव्हता. कोणी त्याला नको म्हटलं नाही. देवाच्या कामात आम्ही भांडत नाही.

भिकाजी गांवकारानं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा कुणकेश्वरा, बारा वाटांच्या धन्या, आज तुजी लेकरां तुज्या दारात उबी आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" किनारा म्हणाला.

"तेंच्या होड्यांक वाट दी, वाऱ्याक लगाम घाल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"हो गुरुदास सारंग मानाचो नारळ घेवन उबो आसा, तो गोड मानून घे, म्हाराजा!"

लाट आली, फुटली, मागे गेली. दुसरी आली.

भिकाजीनं पुन्हा म्हटलं, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. गाऱ्हाण्याला होकार आला नाही तर ते देवाला पोचत नाही, आणि न पोचलेला नारळ पाण्यात टाकता येत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. तिसऱ्यांदा म्हटलं. दोनशे माणसं होती तिथे. गुरुदासाची बायको जानकीही होती, बायकांच्या रांगेत. मी तिच्याकडे वळून बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते.

मग भिकाजी पाण्यावर गेलेल्यांच्या नावांकडे वळला. एकेक नाव, एकेक होकार. शेवटचं नाव झालं आणि तो थांबला. त्यानं माझ्या आईकडे बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आनि आनंदीबायचो झील लवू. कामार गेलो. शुद्धीत गेलो. हुकमान आत गेलो. अकरा वर्सां आमी तेचा नाव घेवक नाय, ती आमची चूक पोटात घाल, आनि तेका घराक पोचय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

असला आवाज मी पुन्हा ऐकला नाही. लवूनं हाक मारल्यासारखी आई समुद्राकडे कान देऊन बसली होती.

भिकाजीनं पहिला नारळ तिच्या हातून सोडला, साधाच, शेंडीचा. लोक नाचत-बोलत घरी निघाले आणि गुरुदास हातात सोनेरी नारळ धरून चालू लागला. समुद्रावर आणलेला नारळ परत घरी नेलेला वाडीनं त्याआधी पाहिला नव्हता. मी त्याच्या मागून त्याच्या घरापर्यंत गेले. मुद्दाम गेले, बघायला. खळ्यात जानकी आधीच पोचलेली होती. तिनं नारळ बघितला आणि म्हणाली, "तो घरात हाडू नुको." तो तसाच पायरीवर बसला, नारळ मांडीवर घेऊन. मला दया आली नाही. अजूनही येत नाही, आणि कुणी मला ती शिकवायलाही येऊ नये.

घरी आले तर महादू मागच्या दारी लाकडं फोडत होता. आईला त्यानं खाटेवर निजवलं होतं, पायावर गोधडी घातली होती. केस पांढरे झाले होते त्याचे. मी ते कधी नीट बघितलेच नव्हते. मी भात उतरवला, कढी गरम केली, पान मांडलं आणि दाराशी उभी राहिले.

"ऐकलात?" मी म्हटलं.

त्यानं कुऱ्हाड थांबवली आणि मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

"तुमकाच म्हणतंय," मी म्हटलं. "पान वाढलंय. जेवक चला."